श्री नावाचं फोल्डर आणि न चालणारा कंपायलर

रविवारी सकाळी पोहे खाऊन जरा आडवी होणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या सुनीताताई... हातात डबा आणि चेहरा पार उतरलेला.

डबा आला म्हणजे काम आलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या मते मला प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. पण या वेळचं काम खरंच माझ्या खात्यातलं निघालं.

सुनीताताई इथेच भाईंदर ईस्टला एका कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसतात. चाळिशी उलटलेली, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, घरात म्हातारे सासरे. एवढं सगळं सांभाळून त्यांनी प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन क्लास लावलाय. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

पहिली असाइनमेंट सोमवारी द्यायची होती आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कंपायलर चालतच नव्हता... म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजावून देणारं सॉफ्टवेअरच रुसलेलं.

"आज नाही झालं तर उद्या फोन करून नाव काढून घेते," त्या म्हणाल्या. "माझं डोकंच नाहीये गं या कामाचं."

डबा तसाच ओट्यावर ठेवून मी त्यांच्याबरोबर निघाले.

कॉम्प्युटर सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा. ते सरकारी ऑफिसात मराठी टायपिस्ट होते आणि सोसायटीच्या नोटिसा अजून तेच टाइप करतात. जुन्या चादरीचं शिवलेलं कव्हर, कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर्स... आणि पलीकडे खुर्चीत पेपर वाचत स्वतः अप्पा. सून क्लासला बसते यावर ते आजवर "हं" सोडून काही बोललेले नाहीत.

मशीन चालू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात चहा झाला, पिऊनही झाला. स्टेशनजवळच्या दुकानदाराने तर ताईंना सांगून टाकलं होतं, "मॅडम, भंगार में डाल दो." मलाही क्षणभर ते पटलं, खोटं कशाला बोलू?

पण गंमत अशी की पहिल्या दिवशी प्रोग्रॅम व्यवस्थित चालला होता. ताईंनी स्क्रीनचा फोटो स्टेटसला लावला होता, मीच त्यावर टाळ्या टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून बंद. मग त्यांनी कंपायलर काढून पुन्हा टाकला, परत काढला, परत टाकला... एरर तीच. फाइल सापडत नाही.

आणि त्या एररमध्ये, जिथे फोल्डरचं नाव हवं तिथे, ओळीने नुसती प्रश्नचिन्हं.

"मला वाटलं मलाच विचारतोय, बाई, तू इथे काय करतेयस," ताई हसून म्हणाल्या. ते हसू काही खरं नव्हतं.

मी फोल्डर उघडून बघितलं. नाव होतं, श्री. हा कंपायलर इतका जुना की त्याला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही वाचता येत नाही. मराठी नाव दिसलं की त्याच्या लेखी ती प्रश्नचिन्हं, आणि मग त्याला आतली फाइलही सापडत नाही. फाइल तर समोरच होती!

हे नाव कोणी दिलं, मी विचारलं. ताईंनी डोळ्यांनीच अप्पांकडे खूण केली. मग हळूच म्हणाल्या की आपण ते न्यू फोल्डरच ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी बघितलं तर नाव बदललेलं. कॉम्प्युटर अप्पांचा, त्यांनी आपल्या पद्धतीने लावून घेतलं असेल... त्यांना आवडत नसेल आपण वापरलेलं. म्हणून विचारलं नाही.

आता मात्र माझं डोकं तापलं. मनातल्या मनात मी अप्पांना खलनायक करून मोकळी झाले. एवढी राबणारी सून आणि तिच्या फोल्डरवरसुद्धा यांचा हक्क? जरा ठसक्यातच सांगितलं, "अप्पा, तुम्ही नाव बदललंत ना, त्यामुळे ताईंचा प्रोग्रॅम अडलाय."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. चेहरा एवढासा झाला.

"माझ्यामुळे?" ते म्हणाले. "अगं, सुनीताने नवं काम सुरू केलंय. त्याला असं नुसतंच कसं ठेवायचं, म्हणून आधी श्री घातला."

या घरात नवी वही असो, नवं कॅलेंडर असो, पहिल्यांदा त्यावर श्री पडतो, तेही अप्पांच्याच हातचा. हे मी स्वतः कितीदा बघितलंय... ताई तर मान वर करेनात. पदराने डोळे पुसत होत्या.

"काढून टाक ते नाव," अप्पा मला म्हणाले.

"नको, अप्पा," ताई एकदम म्हणाल्या. "राहू दे."

मग मी मधला मार्ग काढला. त्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत केलं आणि डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट बनवून शॉर्टकटला नाव दिलं, श्री. कंपायलर तिथे डोकावत नाही. फोल्डरला मी सवयीने 'टेस्ट' असं नाव दिलं होतं.

अप्पा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "टेस्ट कशाला? तिचं नाव दे. काम तिचंय."

दिलं. ताईंनी बटण दाबलं, मशीनने नेहमीप्रमाणे थोडे आढेवेढे घेतले... आणि प्रोग्रॅम चालला. पुढचं मी बघत बसले नाही, माझेच डोळे भरून आले होते. डब्यात घावणे होते, ते गार झाले होते तरी सगळे संपवले.

सोमवारी ताईंचा मेसेज आला, असाइनमेंट दिली. नाव क्लासमध्येच आहे.

रोज पोटापाण्यासाठी ढिगाने एरर बघते मी. पण आशीर्वादामुळे आलेली एरर पहिल्यांदाच बघितली... आता त्या कॉम्प्युटरवर श्रीवर क्लिक केलं की सुनीता उघडते.