सोसायटीचे ग्रीक खांब

किस्से साठतात ते सांगायला माणूस उरलं नाही की. एरवी ते साठत नाहीत. आमच्या घरी ऑफिसातला रोज एक किस्सा संध्याकाळच्या चहाबरोबर संपायचा. ऐकणारी एकच होती, पण चोख होती. हसायची कमी, प्रश्न जास्त विचारायची. गेली दोन वर्षं किस्से संपत नाहीत. त्यातले थोडे तुमच्याकडे देतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मी नगरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. साहेबांकडे ग्रीक आणि रोमन इमारतींचं एक जाड पुस्तक होतं. हात धुतल्याशिवाय ते त्याला शिवत नसत. पण गिऱ्हाइकं यायची ती गोठ्याची, नाहीतर पिठाच्या गिरणीची. साहेब गोठ्याच्या नकाशावर सही करायचे आणि पुस्तक उघडून बसायचे.

आमची कामं रहीमचाचा करायचे. साठीचे मिस्त्री. त्यांची भिंत इतकी सरळ की ओळंबा लावायचा तो फक्त रिवाज म्हणून, असं लोक म्हणत.

*

कोल्हारच्या अलीकडच्या एका गावचे सोसायटीचे चेअरमन अण्णा एक दिवस कॅलेंडर घेऊन आले. त्यावर ग्रीक देवळाचं चित्र होतं. नुसते खांब उभे, वर आभाळ.

"सोसायटीचा हॉल असा पायजे," अण्णा म्हणाले.

साहेब उठून हात धुऊन आले. तीस गोठ्यांनंतर हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"करू ना. वर छप्पर कसलं घालायचं?"

"चित्रात हाय का?"

"ते पडलंय, अण्णा. मुळात होतं."

"मग बगा. छप्पर पडलं, खांब ऱ्हायले. छपराचं काय खरं न्हाई."

साहेबांनी वाद घातला नाही. पुढची बैठक त्यांनी जागेवर ठेवली, मे महिन्यात, भर बाराला. पाव तासात अण्णांनी उपरणं डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "घाला छप्पर. पण रस्त्यावरून दिसू देऊ नका."

जाताना त्यांनी चित्रातल्या एका मोडक्या खांबावर बोट ठेवलं. "ह्यो अर्धा खांब विरोधी पार्टीच्या संचालकाच्या नावचा करा."

*

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. अर्जात 'कारण' या रकान्यात साहेबांनी मोठ्या अभिमानानं 'ग्रीक खांब' असं लिहिलं. मी अर्ज घेऊन गेलो, तो कारकुनानं दोनदा वाचला.

"खांब ग्रीक लोकांचे?"

"हो."

"मग अर्ज त्यांनीच करायला हवा."

मी सांगितलं, ते लोक दोन हजार वर्षांपूर्वीचे.

"मग वारसाची नोंद लावा," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी कारण 'गोठा' लिहिलं. परमिट मिळालं.

*

ग्रीकांच्या देवळाला समोर खांब नेहमी सम संख्येत असतात. चार, सहा, आठ. म्हणजे मधली जागा मोकळी राहते आणि तिथं दार येतं. साहेबांनी सहा खांब काढले होते. सोसायटीत संचालक सात होते.

"एकेकाच्या नावचा एकेक खांब," अण्णा म्हणाले. "सातव्याला काय सांगू?"

"अण्णा, सात केले तर मधला खांब बरोबर दारात येईल."

"मग तो माझा."

दोन महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी सात खांब झाले आणि चौथा दारासमोर उभा राहिला. हॉलमधल्या पहिल्या लग्नात नवरा खांबाच्या डावीकडून आत शिरला, नवरी उजवीकडून. भटजींना वाटलं, ही इकडची पद्धत असेल. त्यांनी तिथं एक मंत्र म्हटला. अजून म्हणतात म्हणे.

*

खरा घोळ पुढे होता. ग्रीक खांब सरळ नसतो. वर निमुळता होतो आणि मध्ये किंचित फुगतो. तसा फुगीर ठेवला, तरच डोळ्याला सरळ दिसतो. साहेबांनी नकाशात अर्ध्या इंचाचा फुगवटा दाखवला होता.

रहीमचाचांनी पहिला खांब बांधला आणि फुगवटा दुरुस्त करून टाकला.

"चाचा, हे मुद्दाम होतं," साहेब म्हणाले.

"मुद्दाम वाकडं? साहेब, वाकडं काम करायला मिस्त्री कशाला लागतो? कुनीबी करतं."

साहेबांनी गिलावा काढायला लावला. चाचा तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी साहेब त्यांना घेऊन लांब रस्त्यावर गेले. एका बाजूला नकाशातल्या खांबाच्या आकाराची फळी कापून उभी केली होती, दुसऱ्या बाजूला तेवढीच सरळ फळी. चाचांनी उन्हात बराच वेळ पाहिलं.

"सरळ हाय तो उपाशी दिसतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी फुगवट्याच्या मापाचा लाकडी फर्मा बनवला, आणि प्रत्येक खांबाचा गिलावा त्या एकाच फर्म्यानं फिरवून घेतला. पण एक गोष्ट बजावली. "चाळीस वर्सं झाली. रहीमनं वाकडं काम केलं असं कुठं कागदावर आलं, तर मी थापी खाली ठेवनार. मग केडगावचं नवं काम घेऊ नका."

खांबांचं पोट पाहून गाव हसलं. अण्णा म्हणाले, "संचालकांचे खांब हायेत. पोट असनारच."

चाचा हसले नाहीत.

*

खांबांच्या माथ्यावर पानं कोरायची होती. पुस्तकातलं काटेरी पान आपल्याकडे होत नाही. अण्णांना उसाचं पान हवं होतं, पण ते वळत नाही. चाचा शिवारात फिरून काटेधोतरा घेऊन आले. त्या वर्षी तेवढंच हिरवं होतं.

"सोसायटीवर धोतरा?" अण्णा भडकले. "जनावर तोंड लावत न्हाई त्याला."

"म्हनून टिकंल," चाचा म्हणाले.

चहाच्या वेळी साहेबांनी त्या पानांची जुनी गोष्ट सांगितली. एक मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर एक कौल झाकलं. खालून काटेरी झाड उगवलं आणि त्याची पानं टोपलीभोवती चढली. तिथून जाणाऱ्या एका कारागिरानं ते पाहिलं आणि तसा खांब घडवला.

"पोरीचं नाव काय हुतं?" चाचांनी विचारलं.

पुस्तकात नव्हतं.

मी घरी ही गोष्ट सांगितली. बायकोनं विचारलं, "टोपलीत काय काय होतं?"

तेही पुस्तकात नव्हतं.

"दाईला ठाऊक असणार," ती म्हणाली, आणि कपबशा उचलल्या.

*

हॉल पूर्ण झाल्यावर तपासणीला ओव्हरसियर आले. तरुण होते, नवे होते, ओळंबा स्वतःचा आणला होता. पहिल्या खांबाला लावला आणि थांबले.

"हा वाकडा आहे. मिस्त्री कोण?"

साहेब पुस्तक उघडायला लागले. चाचांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि पुढे झाले.

"मी. किती हाय?"

"मध्ये अर्धा इंच."

"दुसरा बगा."

ओव्हरसियरांनी दुसरा पाहिला. अर्धा इंच. तिसरा, अर्धा इंच. दारातला चौथाही तेवढाच. सातव्यापर्यंत त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. सगळं गाव मागे उभं होतं.

"साहेब," चाचा ओव्हरसियरांना शांतपणे म्हणाले, "चूक सात येळा सारखी होत न्हाई."

 जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ओव्हरसियरांनी शेरा लिहिला, सही केली आणि निघून गेले.

चाचांना वाचता येत नव्हतं. कागद त्यांनी माझ्याकडे दिला. मी वाचला: "सर्व सात खांब सारखेच वाकडे. काम समाधानकारक."

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचला.

चाचांनी कागदावर बोट ठेवलं.

"सारखे लिव्हलंय ना? नक्की?"

"नक्की."

"मग केडगावचं काम घ्या म्हनावं साहेबांना."