डाव्या स्टिअरिंगची अमेरिकन गाडी

"आई, जाऊ का?" जावयांनी विचारलं.

"जा," मी म्हणाले.

त्यांनी ट्रॅक्टरच्या मागून गाडी उजवीकडे बाहेर काढली आणि पाय दाबला. ट्रॅक्टरच्या बरोबरीला पोचलो आणि गाडीनं दम सोडला. आधी खोकली, मग आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर आला. मागच्या सीटवरून मुलगी ओरडली, "लॉरी! अरे, समोरून लॉरी येतेय!" तेव्हा मला लॉरी दिसली. त्याआधी दिसली नव्हती. मुलीला आठवा महिना होता.

अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला फक्त त्या गाडीचा संताप आला.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, त्यांच्या घरासमोर. मुलीच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. बाकी सगळ्यांच्या दारात आटोपशीर छोट्या गाड्या आणि आमच्या दारात हे धूड. अर्धं धूड फुटपाथवर, कारण जागेत मावत नव्हतं. वीस वर्षांपूर्वीची, विटकरी रंगाची, आत गादीसारख्या लाल मखमली सीट. मखमल बसायच्या जागी टक्कल पडलेली. खिडक्या बटणानं खाली जायच्या, वर यायच्या नाहीत. जावयांना ऑफिसातून अमेरिकेला जायचं होतं, कंपनीनं इंग्लंडला पाठवलं. मग अमेरिकेला जायला मिळालं नाही म्हणून त्यांनी अमेरिका आणून दारात उभी केली.

रविवारी त्यांचे मित्र यायचे. सगळी पुण्यामुंबईकडची कॉम्प्युटरवाली पोरं. आत चहा गार होत असायचा आणि हे बाहेर गाडीभोवती हात मागे बांधून उभे. गाडी कूल आहे का नाही, यावर एकेक तास.

"नऊ मार्क."

"एक कशाचा कापलास?"

"सुरू होत नाही त्याचा."

"अरे, सुरू होत नाही म्हणूनच कूल! सुरू काय, कुणाचीही होते."

यावर हसायचे. एकदा एकानं मला विचारलं, "काकू, तुम्ही किती द्याल?"

"भंगारवाला जेवढे देईल तेवढे," मी म्हणाले. तेव्हाही हसले. म्हातारं माणूस बोललं की लोक आधी हसून घेतात, मग ऐकायचं राहून जातं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण डिझेलचं इंजिन मला कळतं. गावी आमची पिठाची गिरण होती. मालक गेल्यावर अठरा वर्षं मी ती चालवली. इंजिनाचा आवाज बदलला की पोळी लाटता लाटता मला कळायचं. ही गाडीही डिझेलचीच. सकाळी सुरू करायची म्हणजे चावी अर्धी फिरवून समोरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग ती हुंदके देत देत सुरू व्हायची आणि समोरच्या घरातली बाई धावत येऊन दोरीवरचे कपडे काढायची. धूर पांढरा. डिझेल जळताना काळा धूर आला तर समजतं, पण गरम इंजिनातूनही पांढराच येत राहिला तर आत पाणी चाललंय. एके दिवशी मी त्यांच्यादेखत इंजिनातलं तेल बघायची पट्टी ओढून पाहिली. तेल ताकासारखं झालं होतं.

"जावईबापू, हेडचं पॅकिंग गेलंय. तेलात पाणी जातंय."

"आई, ही गिरण नाही," ते म्हणाले. वाईट बोलत नव्हते, कौतुकानंच बोलले. मुलगीही हसली.

मी पट्टी पुसून जागेवर ठेवली. जावयाशी वाद घालायचा नाही, असं आमच्याकडे असतं. मुलीचा संसार असतो, आपण महिना दोन महिन्यांचे पाहुणे.

आता मी पुढे बसायची त्या जागेचं सांगते. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं. इंग्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. त्यामुळे मोठ्या वाहनाच्या मागे असलं की डावीकडच्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसतच नाही. उजवीकडे बसलेल्यानं बघून सांगायचं, मग त्यानं जायचं. आधी हे काम मुलगी करायची. मी आल्यावर पुढची जागा माझी झाली. वडीलधाऱ्या माणसाला मागे कसं बसवायचं? मुलीनं स्वतः दार उघडून मला पुढे बसवलं आणि एवढं पोट घेऊन ती मागे गेली. गाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या डोळ्यांना बघायचं काम मिळालं, ते असं.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डाव्यात सुरुवात होती. निघायच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करून जा. करत बसले असते तर बाळंतपण हुकलं असतं, म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. लांबचं मला दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. रोज छोट्या रस्त्यांवर "जाऊ का" विचारलं की मी अंदाजानं सांगायची. समोर काही हललं नाही की "जा". दोन आठवडे निभावलं.

त्या दिवशी आम्ही एका गावाबाहेरच्या मैदानावर चाललो होतो. तिथे लोक जुन्या गाड्या लावतात, बघायला आलेले चिठ्ठ्या टाकतात आणि सगळ्यांत कूल गाडीला कप मिळतो. जावयांनी आदल्या दिवशी गाडी तीनदा धुतली होती. पट्टी एकदाही ओढली नव्हती.

तर लॉरी. ट्रॅक्टरवाल्यानं काय होतंय ते आमच्या आधी ओळखलं. त्यानं ट्रॅक्टर सरळ डावीकडच्या कुंपणात घातला. जावयांनी त्या मोकळ्या जागेत गाडी वळवली. एवढं त्यांचं मी मान्य करते. लॉरी माझ्या बाजूनं गेली, इतकी जवळून की बाहेरचा आरसा तिच्याबरोबर गेला. काच वर येत नसल्यानं खिडकी उघडीच होती, आरशाचे तुकडे माझ्या मांडीवर. गाडी घरंगळत पुढे गेली, गवतात थांबली आणि एकदाच मोठ्यानं ढेकर दिल्यासारखी होऊन बंद पडली.

ट्रॅक्टरवाला धावत आला. माझ्याच वयाचा असेल. तो थेट माझ्या खिडकीशी आला, कारण त्याच्या देशात ड्रायव्हर तिथे बसतो, आणि मला शिव्या घालायला लागला. हात, बोट, थुंकी. मला इंग्रजी येत नाही, पण शिव्या कळतात. पलीकडून जावई सांगत होते, "सर, आय वॉज ड्रायव्हिंग, सर!" तो ऐकेना. मग त्याला माझ्यापुढे स्टिअरिंग नाही हे दिसलं. तोंड पुसून "सॉरी" म्हणाला.

मला वाटलं, कशाला सॉरी म्हणतोयस बाबा, बरोबर माणसाला बोललास.

मुलीला पोटात कळ आली होती. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात तिच्या पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र लावलं होतं, ते ठोके बाहेरपर्यंत ऐकू येत होते. जावई माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मग म्हणाले, "आई, तुम्हाला लॉरी दिसली नाही का?"

"नाही. मला त्या ट्रॅक्टरच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मोतीबिंदू आहे."

"मग 'जा' का म्हणालात?"

"कारण तुम्ही विचारलंत."

ते म्हणाले, "तुम्ही सांगायला हवं होतं."

"हो. आणि तेलाचं सांगितलं होतं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. माझा गुन्हा मोठा आहे, मी तो मान्य करते. तुमचा तुम्ही बघा."

ते उठून मशीनमधून दोन चहा घेऊन आले. चहा भिकार होता. आम्ही दोघांनी तो संपवला, आणि आतले ठोके मोजत बसलो. कधी वाटायचं थांबले, मग पुन्हा ऐकू यायचे.

गाडी तिकडूनच भंगारात गेली. मित्रांना अजून हळहळ वाटते. एक जण म्हणाला, काय जबरदस्त मेली. मेलेल्या इंजिनालाही हे लोक मार्क देतात. डोळ्याचं ऑपरेशन मी घरी परतल्यावर केलं. त्याआधी पाच आठवडे कुणाच्याही गाडीत मागच्या सीटवरच बसले, कुणी पुढचं दार उघडून धरलं तरी.

त्या गाडीत मी होते, मुलगी होती, जावई होते आणि मुलीच्या पोटात नात होती. चौघंही वाचलो.