वायरही लावलेली, वायफायही चालू

आमची प्रयोगशाळा घाटाखाली, एका धर्मादाय संस्थेची. दोन खोल्या, रक्त तपासायचं एक यंत्र, एक संगणक, मी आणि माझे सहकारी तंत्रज्ञ. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ. या भागात बोअरचं पाणी खारं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच. त्यांना महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून घ्यावं लागतं. यंत्र नव्हतं तेव्हा नमुने घाट चढून बुलढाण्याला जायचे आणि रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी उतरायचा. यंत्र आलं आणि सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट दुपारी मिळू लागला.

फक्त एक अडचण होती. यंत्र संगणकाला वायरने जोडलेलं, तर इंटरनेट वायफायने. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत, मधली भिंत दगडी, आणि तिला भोक पाडायला घरमालक तयार नव्हते. वायर लावली की यंत्रातले आकडे संगणकावर यायचे, पण इंटरनेट बसायचं. वायर काढली की इंटरनेट सुरू, यंत्र गप्प. वायफायची खूण मात्र दोन्ही वेळा छान उभी असायची, म्हणून बिघाड म्हणावा तरी कशाला, हे कळत नव्हतं.

आम्ही आमची पद्धत बसवली होती. सकाळी वायर लावून तपासण्या, मग वायर काढून आकडे हाताने ऑनलाइन नोंदीत टाकायचे. काढ-घालीत वायरच्या टोकाची छोटी प्लास्टिकची जीभ मोडली, तेव्हा रक्त घेतल्यावर लावतो त्याच चिकटपट्टीने ती बसवली. एवढ्यावर आम्ही खूश होतो.

मग बुलढाण्याच्या मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. आकडा यंत्रातून थेट ऑनलाइन नोंदीत गेला पाहिजे, मध्ये हात नको. "वायर काढून-घालून चालणार नाही, मॅडम. गुरुवारी येतो. जमलं नसेल तर यंत्र इकडे घेऊन येऊ. तुम्ही नमुने पाठवत जा, पहिल्यासारखे."

फोन स्पीकरवर होता. समोरच्या बाकावर वरवट बकालहून येणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्या उपाशीपोटी पहिल्या गाडीने येतात, रक्त देतात आणि अकोल्याचे डॉक्टर रिपोर्ट पाहून गोळ्या ठरवतात. मागच्या महिन्यात वायर लावलेलीच राहिली, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी गेला आणि गावी परतलेल्या मावशी महिनाभर जुन्याच गोळ्या घेत राहिल्या. पायांवरची सूज अजून उतरली नव्हती.

"म्हणजे मले आता बुलढाण्याले जा लागन काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. बोलून तर गेले, आता ते खरं करून दाखवणं भाग होतं.

माझी सवय अशी की अडलं की कागद घ्यायचा. चार चौकोन आखले: नुसती वायर, नुसतं वायफाय, दोन्ही, एकही नाही. प्रत्येकात काय चालतं आणि काय बंद पडतं ते करून पाहून लिहिलं. भाऊ बाजूला उभे.

"ताई, सकाळपासून तुम्ही तेच करून राह्यल्या. काढता, घालता. मी केलं तं म्हणता वायर खराब होते."

"तुम्ही काम करता म्हणून काढता. मी बघायला काढते."

"वायरले काय फरक पडते बे त्याचा," ते वायरकडे बघूनच म्हणाले. मला ते बे म्हणणार नाहीत, वायरला म्हणतात.

चार चौकोनांतून एक गोष्ट दिसली. दोन्ही चालू असताना संगणक गोंधळत नव्हता. तो दर वेळी वायरचीच बाजू घेत होता. म्हणजे इंटरनेटसाठीसुद्धा तो वायरनेच जाऊ पाहत असणार. पण का? मी दोन्ही जोडण्यांची सेटिंग पडद्यावर शेजारी शेजारी उघडली आणि ओळीने वाचत गेले. दोन्हीकडे गेटवे नावाचा रकाना होता. खोलीबाहेरचं काही हवं असेल तर कोणत्या दाराने जायचं, ते त्यात लिहायचं. वायफायकडे तो बरोबर भरलेला होता. वायरकडेही भरलेला होता, आणि त्यात पत्ता होता आमच्या यंत्राचा. संगणक इतके महिने रक्त तपासायच्या यंत्राकडे इंटरनेट मागत होता.

"हा कोणी भरला?"

"म्या," भाऊ म्हणाले. "यंत्र बसवणाऱ्यानं फोनवर दोन आकडे सांगितले. खाली अजून एक रकाना होता. तो कसा रिकामा सोडू? आपल्या हापिसात रकाना सोडला तं कागद वापस येते. कमीत कमी निरंक तरी लिहा लागते. तिथं निरंक घेईना, म्हणून यंत्राच्या पडद्यावर दिसला तो पत्ता लिहून देल्ला."

मला हसू आवरेना. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या संस्थेत 'पतीचे नाव' या रकान्यात लग्न न झालेल्या मुलीसुद्धा निरंक लिहितात.

"काढते," मी म्हटलं.

"आणि सारंच बंद पडलं तं?"

"तर परत भरू."

रकाना रिकामा केला. बाकी कशाला हात लावला नाही. वायर लावलेली, वायफाय चालू. सकाळचा एक उरलेला नमुना यंत्रात घातला. आकडा पडद्यावर आला आणि आम्ही बघत असतानाच ऑनलाइन नोंदीत जाऊन बसला. भाऊंचा हात सवयीने वायरकडे गेला.

"नका," मी म्हटलं. "आता ती तिथंच राहणार."

गुरुवारी साहेब आले ते छोटा टेम्पो आणि दोन हमाल घेऊन. टेम्पोत गवत घातलेलं लाकडी खोकं. मावशींना मुद्दाम त्याच दिवशी बोलावलं होतं. त्यांचं रक्त घेतलं, यंत्र चालू केलं आणि साहेबांना संगणकासमोरची खुर्ची दिली.

आकडे आले, गेले. आम्ही कोणीच कीबोर्डला हात लावला नव्हता. साहेबांनी टेबलाखाली वाकून वायर पाहिली, मग कोपऱ्यातली वायफायची खूण.

"यातलं एक बंद करता ना मध्ये?"

"नाही. दोन्ही चालूच असतात."

त्यांनी भाऊंच्याही हातून एक नमुना लावून घेतला. तोही गेला. तेवढ्यात अकोल्याहून फोन आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला होता. आकडा वाढलेला होता, म्हणून त्यांनी एक गोळी बंद केली आणि दुसरी लिहून दिली. ती आमच्या पुढच्या खोलीतल्या औषधांच्या कपाटातच मिळते. मावशींनी तिथल्या तिथे पाण्याबरोबर घेतली.

"एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या. "मी तं अजून डबाबी सोडला नाही."

साहेबांनी शेरा लिहिला: यंत्र येथेच ठेवावे. मग मला म्हणाले, "बाकीच्या केंद्रांनाही सांगाल का, काय केलंत ते?"

"सांगते की," मी म्हटलं. "भाऊ सांगतील."

बाहेर हमाल टेम्पोच्या सावलीत चहा पीत बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, काय भरायचं हाय?"

"काही नाही," मी म्हणाले. टेम्पो रिकामं खोकं घेऊन परत घाट चढला. आम्ही आत येऊन पुढचा नमुना लावला.