सभेत मी आत्याचा पदर ओढला

मंडळी, दुपारी घडलं ते अजून डोक्यातून जात नाही.

पालघरला मानसिक उपचारांच्या कायद्याची माहिती देणारी सभा होती. दांडी गावात राहणारी माझी आत्या घरी आली होती, तिलाही सोबत नेलं. डॉक्टरबाई सांगत होत्या, "मनाच्या आजारावर घराजवळच उपचार मिळणं हा आता तुमचा हक्क आहे."

आत्या एकदम उभी राहिली. "बाई, आमच्या शेवंतीला पोलीस घेऊन गेले. साठ-पासष्टचं साल असंल. तिचं तान्हं पोर गेलं, म्हणून ती किनाऱ्यावर हाका मारीत फिरायची. कुनाला कदी मारलं नाय. लोक म्हनाले, वेडी हाय. मग तिला येड्यांच्या इस्पितळात टाकायचा कोर्टाचा हुकूम आला नि..."

सगळे वळून बघायला लागले. त्यात माझ्या ओळखीचेही होते. मी तिचा पदर ओढला. "आत्या, बस गं. घरचं इथे कशाला?"

ती बसली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "शेवंती कोण?"

"तुजी थोरली आत्या. परत आलीच नाय. तुज्या आज्यानं तिचं नाव काढायला बंदी केली व्हती. आज पयल्यांदा चारचौघांत काढलं."

मी माफी मागितली, तर म्हणाली, "जाऊ दे. आमी बी तवा गपच बसलो."

ते जास्त लागलं. आता जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसून सगळं ऐकणार आहे, ती सांगेल तर.

कायदा आला. पण बोलणाऱ्याचा पदर ओढणारे आपण कधी सुधारणार?