एम्बोंगचा पहिला नंबर

मारांगच्या किनाऱ्यावर शिडांच्या शर्यतींचं जे केंद्र आहे, त्याची कोठी एम्बोंग सांभाळतो. फाटलेली शिडं शिवतो, दोर तपासतो, आणि कोणी विचारो न विचारो, स्वतःची फजिती सांगतो. "अख्ख्या मलेशियात माझ्याइतक्या जोरात बाद झालेला माणूस नाही," इथून त्याची सुरुवात. आम्ही ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल, तरी हसतो. सांगतोच तशी मेला!

चाळीस वर्षांपूर्वी शिडाची शर्यत म्हणजे मोठ्या बंदरांतल्या साहेबांचा रविवारचा चाळा होता. मग देशाला शेजारी देशांबरोबरच्या खेळांत पदकं हवीशी वाटली, आणि संघटनेची माणसं वारा ओळखणारे लोक शोधत आमच्या कोळीवाड्यात आली. गाव पोट धरून हसलं. जाळं नाही, मासे नाहीत, आणि तीन तरंगत्या पिंपांना वळसे घालून रिकाम्या हातानं परत यायचं? पगार मिळतो का, म्हणून कोणीतरी विचारलं. नाही म्हटल्यावर सगळे पांगले. उरला एम्बोंग. "मी काही हुशार नव्हतो हो," तो म्हणतो, "घरी जाळी दुरुस्त करायची होती, ती टाळायची होती."

दोन वर्षांत तो असा तयार झाला की निवडीची शर्यत आमच्याच किनाऱ्यावर ठेवली. एकट्यानं चालवायच्या होडीसाठी एकच जागा. पहिला येईल तो देशातर्फे खेळणार. त्या दिवशी त्याचा बाप सेतापा धुतलेली लुंगी नेसून पहिल्यांदाच बघायला आला. हा सेतापा म्हणजे जुन्या वळणाचा नाखवा. एकदा होडीचं तोंड समुद्राकडे झालं की काही राहिलं म्हणून मागे फिरायचं नाही, हा त्याचा कायदा. एकदा कवळी घरी राहिली, तर गड्यानं तीन दिवस नुसत्या पेजेवर काढले, पण होडी वळवली नाही.

तर झालं असं की सुटायचा भोंगा वाजायच्या आधीच एम्बोंगनं रेघ ओलांडली. सुटायच्या भोंग्यामागोमाग पुन्हा भोंगा वाजला, झेंडा चढला. ज्यानं घाई केली त्यानं रेघेमागे जाऊन परत निघायचं, असा तो इशारा.

"आणि मला वाटलं, माझं कौतुक चाललंय!" एम्बोंग मांडीवर थाप मारतो. "मी पंचांना हात हलवून दाखवला. राजासारखा! कोणी जवळपाससुद्धा नव्हतं. किनाऱ्यावर पोचलो तर लोकांनी खांद्यावर घेतलं. मग निकालाचा कागद लागला. माझं नाव सगळ्यात खाली. नावापुढे एक काट."

परवा सकाळी जाहाच्या कॉफीच्या दुकानात तो हीच गोष्ट रंगवून सांगत होता. त्या वेळी त्याच्या जागी निवडला गेलेला पोर्ट डिक्सनचा रिदुआन नातेवाइकांच्या लग्नासाठी आला होता, तोही भात आणि माशाचं कालवण पुढ्यात घेऊन बसला होता. सगळे खो खो हसले. रिदुआन हसला नाही.

"अरे, तुला भोंगा कळला नाही?" तो म्हणाला.

"ढ होतो ना रे मी!"

"मीही आधीच निघालो होतो, एम्बोंग. तुझ्या शेजारीच होतो. मी ओरडलो, 'फीर, आपल्या दोघांना बोलावतायत!' तू माझ्याकडे बघितलंस. मान हलवलीस. मी फिरलो, तू गेलास. इतकी वर्षं मी विचार करतोय, हा का नाही फिरला? तू फिरला असतास तर देशातर्फे मी कुठला जातोय!"

जाहाचा झारा कढईत तसाच थांबला. आता हा काहीतरी चावट बोलणार, म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. एम्बोंगनं कप खाली ठेवला.

"बाबा समोर उभे होते रे," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा बघायला आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत होडी मागे कशी वळवू? हात सुकाणूवर होता. नाही वळला."

"मग हे त्यांना सांगायचं होतंस! हे भोंग्याचं सोंग कशाला?"

"सांगणारच होतो. घरी गेलो. बाबांनी कोणाकडून तरी सगळा नियम समजून घेतला होता. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, 'मग फिरायचं नाही का, वेड्या? ती काय मासेमारी होती? खेळ होता तो!'" एम्बोंगनं पंच्यानं तोंड पुसलं. "आता त्यांना काय सांगू? म्हटलं, बाबा, मला भोंगा कळलाच नाही."