चकतीवरची हळद

सायकलला वायरचे डिस्क ब्रेक चांगले की तेलाचे, यावरून त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जेवढी वादावादी झाली, तेवढी कुठल्या निवडणुकीवरूनही झाली नसेल. वाद माझा आणि मुलीचा. ती अमरावतीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, मी तिथल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलींचं वेड घरात तिने आणलं. पुढे डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मीही त्यात ओढला गेलो.

मी मुळात घाबरट माणूस. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारा. त्यामुळे मला वायरचाच ब्रेक हवा होता. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते, वायर चिमट्याला ओढते आणि चिमटा चाकाच्या मधली चकती धरतो. सगळा कारभार डोळ्यांसमोर. वायर सैल पडली तर पीळ द्या, तुटली तर परतवाड्यातला कुठलाही सायकलवाला बदलून देईल. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या ब्रेकमध्ये, बारीक नळीत तेल कोंडलेलं. ते कधी पाझरलं, आत हवा कधी शिरली, कोणी सांगावं? मुलगी म्हणायची, चिखलदऱ्याचा घाट वायरच्या ब्रेकवर उतरून पाहा, मनगटं भरून येतील. तेलाच्या ब्रेकला दोन बोटं पुरतात. आणि वायर तरी तुम्हाला कुठे दिसते, आवरणाच्या आत गंजली तर कळणार आहे का? यावर मी आवाज चढवायचो.

शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरातून दोन सायकली आणल्या. तिची तेलाची, माझी वायरची. दुकानदाराच्या वडिलांकडून माझे वडील बैलांचे कासरे आणि घुंगरमाळा घ्यायचे. पुढे कासरे विकत घेणारे कमी झाले आणि मुलाने त्याच गाळ्यात सायकली टांगल्या. आमचं भांडण त्याने हसत ऐकून घेतलं आणि कोणाचीही बाजू घेतली नाही. "दोनो अच्छे हैं भाऊ, तुमाले जे पचन ते न्या," एवढंच म्हणाला.

या वादाला घरात एकच श्रोता होता, माझे वडील. आई गेल्यानंतर दोन हंगाम ते गावी एकटे राहिले. एका वर्षी पाऊस उघडला तो उघडलाच, दुसऱ्या वर्षी कपाशीची बोंडं अळीने आतून पोखरली. बैलजोडी विकली, वावर मक्त्याने दिलं आणि मी त्यांना अमरावतीला आणलं. म्हातारपणी सोबत हवी असं मी लोकांना सांगायचो, पण खरं तर मी भीतीपोटी आणलं होतं. ती वर्षंच तशी होती. गावाकडून अवेळी फोन आला की आम्ही फक्त 'कोणाकडे?' एवढंच विचारायचो. काय झालं, ते विचारावं लागत नव्हतं.

वडिलांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून ज्याचं वावर होतं, तो माणूस असाच फवारणीचं औषध पिऊन गेला. त्यानंतर लोक म्हणत होते की आदल्या संध्याकाळी त्याचा मुलगा त्याला काहीतरी तोडून बोलला होता. खरं-खोटं देव जाणे. पण ते माझ्या डोक्यात जे रुतलं, ते निघालं नाही. मी बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं: त्यांना कोणी काही बोलायचं नाही.

आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. वडिलांना रिकामं बसवत नसे. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, दिसेल त्याला ते तेल घालायचे. मशीनचं तेल बायकोच्या नव्या साडीला लागलं, तेव्हा तिने ओठ मिटले आणि साडी भिजत घातली. भाजीत आधीच मीठ आहे हे न पाहता ते वरून पुन्हा घालायचे, आम्ही ताकाबरोबर ती भाजी गिळायचो. ते खोलीत जाऊन दार लोटायचे, तेव्हा मी काही ना काही निमित्ताने आत डोकावायचो. कधी चष्मा शोधायला, कधी पेपर मागायला. एका घरात इतकं गोड बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पोळ्याची सुटी होती. त्या दिवशी मुलीने आणि मी परतवाड्याहून चिखलदरा गाठायचं ठरवलं. ओळखीच्या जीपच्या टपावर सायकली बांधून परतवाड्याला उतरलो. बाजारातून निघताना माझा ब्रेक नीट धरत नाही असं वाटलं. वायर सैल पडली असेल म्हणून पीळ दिला. मुलगी गालात हसली. आणि पुढे चढच चढ. चढावर ब्रेकला हात कोण लावतो? वर पोचेपर्यंत पार दमलो होतो. धुक्यात उभं राहून कणीस खाल्लं, कॉफी घेतली. मुलगी इतकी खूश होती की माझी काळजीसुद्धा तासभर गप्प बसली.

उतार सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच माझ्या लक्षात आलं की सायकल थांबत नाही. लिव्हर पुरी दाबली, चाक किंचाळलं, वेग काही कमी झाला नाही. मी दोन्ही पाय रस्त्यावर घासत सायकल डोंगराच्या बाजूच्या दगडांत घातली आणि कसाबसा थांबलो. पहिला विचार आला, वायर तुटली. वायर शाबूत होती. दुसरा विचार आला की मुलगी पुढे आहे. तिचे ब्रेक तेलाचे आहेत, तिला काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वादात तीच बरोबर असावी अशी मनापासून प्रार्थना केली.

पुढच्या वळणावर ती डोंगराकडच्या नालीत पडली होती. दरी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होती. धुक्यामुळे तिचा तळ दिसत नव्हता, म्हणून ती मला आणखी खोल वाटली. मुलीचा कोपर सोलला होता, गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ती उठून बसली होती. लिव्हर नेहमीसारखी कडक लागते, ती सांगत होती, तेल गळलेलं नाही, हवा शिरलेली नाही, तरी धरत नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली, झाकण तिनेच उघडलं.

आणि मग मला वास आला. चकती तापली होती आणि तिच्यातून बारीक धूर निघत होता. मुलगी म्हणाली, पॅड जळले असतील. पण तो जळक्या पॅडचा वास नव्हता. तो तापलेल्या लोण्याचा आणि हळदीचा वास होता. शहरात वाढलेल्या मुलीला तो ओळखू येणार नव्हता. मी लहानपणी दर वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो गोठ्यात घेतला होता. त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण देतात. वाकून पाहिलं तर चिमट्याच्या खाचेत पिवळा लगदा साचला होता. माझ्या सायकलीलाही तसाच. तो कशाचा, ते मी मुलीला सांगितलं.

वडिलांकडे या वर्षीही बैल नव्हते. म्हणून त्यांनी घरातल्या दोन सायकलींची खांदशेकणी केली होती. भार चाकाच्या मध्यावर येतो, म्हणून तिथे चोळलं. चकती तिथेच असते.

आम्ही सायकली ढकलत पायी उतरू लागलो. मागून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. मला वडिलांचा राग आला होता, इतका की ते समोर असते तर मी काय बोललो असतो याची मलाच भीती वाटली. पोरगी दरीच्या बाजूला पडली असती तर? आणि त्या रागाच्या लगोलग दुसरी भीती: हे त्यांना कळलं तर? आपल्या हातून नात मरता मरता वाचली, हे त्यांना कळलं तर ते आज रात्री खोलीत दार लोटून काय करतील?

घरी सांगायचं नाही, मी मुलीला बजावलं. पाण्याने घसरले असं सांग.

ती म्हणाली की आबाजी पुढच्या पोळ्यालाही लावतील. मी म्हटलं, सायकली कुलपात ठेवू. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही किती गोष्टी कुलपात ठेवसान?" मी तिला गप्प बसवलं.

खाली एक रिकामी जीप मिळाली. घरी पोचलो तेव्हा वडील फाटकाशीच उभे होते. आत पुरणाचा वास सुटला होता. नातीच्या गुडघ्याची पट्टी पाहून ते दचकले. पाण्यामुळे घसरली, मी घाईघाईने सांगून टाकलं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, की बापाचा वायरचा ब्रेक चांगला निघाला का तिचा तेलाचा? इतके महिने त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि आता त्यांना निकाल हवा होता.

"आबाजी," ती म्हणाली, "दोनी नाही लागले. तुम्ही काल तिथं लोणी-हळद लावली न? ब्रेक त्या चकतीलेच धरते. तिथं काही लावाचं नसते. त्याच्यानं मी पडली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात जागच्या जागी थांबली. मी मुलीचा हात घट्ट धरला, पण बोलून झालं होतं. वडिलांचा चेहरा उतरला. ते वळले आणि आपल्या खोलीत गेले. मी मागोमाग धावलो. ते खाटेवरून चष्मा उचलत होते. मला बाजूला सारून ते बाहेर आले, सायकलीपाशी उकिडवे बसले आणि नातीला म्हणाले, "दाखो मले. कोनती चकती?"

तिने दाखवली. त्यांनी चकतीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"म्हंजे माह्यापायी पडली तू."

"हो."

"मंग हा कावून म्हने पान्यानं घसरली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्ष झालं मले इथं येऊन. इतक्या दिसात माही एकबी गोष्ट चुकली नाही? मेल्या मानसाले कोनी बोलत नाही, तसं तुमी मले बोलत नाही."

मी काहीतरी सावरायला गेलो. जमलं नाही. शेवटी जे होतं तेच तोंडातून निघालं. मी त्यांच्याशी शहरात कधी बोलत नसे त्या बोलीत म्हणालो, "मले तुमचं भेव वाटे."

कशाचं भेव, हे त्यांनी विचारलं नाही. ते चकतीवरून पुन्हा बोट फिरवू लागले. मग मान वर न करता म्हणाले, "मलेही माहं वाटे."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. मुलगी आतून कपडा आणि साबणाचं पाणी घेऊन आली, आणि कुठे पुसायचं ते त्यांना सांगू लागली.