बाबांची माय

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि माझे बाबा तिला 'माय' म्हणतात. लाडानं नव्हे, खरोखरीच. बाबा शाळेत असतानाच त्यांची आई गेली. तिच्या हनुवटीवर तीळ होता, हिच्याही आहे. झालं! नागपूरहून आमच्याकडे साउथहॅम्प्टनला आले की हिनं पहिला घास घेतल्याशिवाय ते जेवत नाहीत. साधं दूध आणायला निघाले तरी विचारणार, माय, जाऊ का?

लहान होती तेव्हा हिला गंमत वाटायची. या हाफ-टर्मच्या सुट्टीत मात्र तिनं मला किचनमध्ये गाठलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबांना सांग ना, मी त्यांचा आई नाहीये. मी फक्त मी आहे."

सांगते म्हटलं. कसलं सांगते! बाबांचं परतीचं विमान आठवड्यावर आलेलं. मी रोज तोंड उघडायचे आणि चहा टाकायला पळायचे. रात्री डोळ्याला डोळा नाही.

शेवटी घरात बसवेना म्हणून दोघांना सिनेमाला नेलं. चायनीज ॲनिमेशन, ड्रॅगनबिगन असतील असं वाटलं. निघाला नेमका पुनर्जन्माचा. बाबा खूश. इंग्लिश सबटायटल्स त्यांना झेपत नाहीत, म्हणून मी कानात मराठीतून सांगत होते. मग एक पूल आला. पुलावर एक म्हातारी मेलेल्या प्रत्येकाला वाटीभर सूप पाजत होती. ते प्यायलं की मागचं सगळं विसरायचं, मगच नवा जन्म. माझी जीभ अडखळली. ती काय देतेय, बाबांनी विचारलं.

"तीर्थ," मी ठोकून दिलं.

एकदा थाप मारली की पुढचं सगळंच जुळवत बसावं लागतं. हिरो आईला ओळखत का नाही? ती का रडतेय? बाबा विचारत राहिले, मी रचत राहिले. पलीकडून मुलगी माझ्याकडे रागानं बघत होती. तिला सगळं वाचता येत होतं.

बसस्टॉपवर तिनं आजोबांचा हात धरला. "आजोबा, ते तीर्थ नव्हतं. विसरायचा सूप होता. मी पण प्यायले असणार. तुम्ही लहान होते ते मला काहीच आठवत नाही. सॉरी."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मी सारवासारव करायला गेले, तर बाबांनी हातानंच थांबवलं. मग तिला विचारलं, सगळंच विसरतो का गं माणूस? तिनं मान डोलावली.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मार खाल्लेलाही विसरली असेल मग ती."

आजीनं मार खाल्ल्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बस आली. बाबांनी हिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, "चल, बेटा."

हिनं मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणाले ते.